अकरा तिकिटांचा परदेशी गल्ला

...आणि आता तुम्हीही अभिनंदनच करणार ना? करा, करा! सगळे करतायत, तुम्हीच कशाला मागे राहता? सकाळी जिन्यात खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर भेटले, 'वा वा, परदेशात डंका वाजतोय म्हणे!' पुढे केस कापायला बसलो, तर न्हाव्याने कात्री हवेत धरली आणि सगळ्या दुकानाला ओरडून सांगितलं, 'हे बघा, ह्यांचा सिनेमा सातासमुद्रापार चालतोय, सहावा आठवडा!' मी म्हटलं, अरे बाबा, आधी कानाकडे बघ. पेपरात छापून आलंय ना, माझा फोटो घालून, 'घरच्या घरी काढलेल्या विनोदी चित्रपटाची परदेशात घोडदौड'... घोडदौड! तुम्हाला सांगतो, त्या घोड्याची अवस्था मला एकट्यालाच माहीत आहे. अकरा! दर बुधवारी, दुपारच्या खेळाला, अकरा तिकिटं. ना दहा, ना बारा. आणि मी ज्याला त्याला एकच विचारतो, ते सगळं ठीक आहे हो, पण हसलं का कोणी?

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर म्हणाल हा माणूस उगाच रडतोय.

मी पोटापाण्यासाठी सुरक्षेच्या फिल्म बनवतो. कारखान्यांसाठी. 'जिना उतरताना कठडा धरा.' 'आग लागल्यास घाबरू नका.' त्यात एक घसरून पडणारा माणूस असतो ना, ते आमचे भाऊजी, ताईचे यजमान. फुकटात पडतात, म्हणून दरवेळी तेच. एकदा तेल सांडलेल्या फरशीवरून घसरायचं होतं, हळूच, दाखवण्यापुरतं, तर हे खरंच घसरले, पार समोरच्या कपाटापर्यंत गेले आणि कपाट अंगावर घेतलं. ती फिल्म आजही तेवीस कारखान्यांत दाखवतात आणि कामगार पोट धरून हसतात. म्हणजे बघा, जिथे हसायचं नाही तिथे माझ्या नावावर धो धो हसू! आणि जिथे हसावं म्हणून मी दोन वर्षं जिवाचं रान केलं तिथे...

तर सिनेमा. नाव, 'गुरुवारपर्यंत थांबा'. आमच्या अप्पांवर आहे. अप्पा म्हणजे माझे वडील, जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या, अजूनही कुठल्या इमारतीत गेले की आधी लिफ्टचा आवाज ऐकतात आणि मग जिन्याने येतात. तीन वर्षांपूर्वी अप्पा आजारी पडले, असे पडले की डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं, 'गुरुवारपर्यंत काय ते.' झालं! सगळे गोळा. ताईने पेपरात द्यायचा मजकूर लिहून तयार ठेवला. भाऊजींनी ऑफिसात 'सासरे वारले' सांगून चार दिवसांची रजा आगाऊ मंजूर करून घेतली. माझ्या मेहुण्याने, म्हणजे बायकोच्या भावाने, अप्पांच्या हत्यारांच्या पेटीकडे तीनदा बघितलं, मी मोजलं. आणि गुरुवारी सकाळी अप्पा उठून बसले! चहा मागितला. उशाशी ताईचा कागद पडलेला होता, तो वाचला, पेन्सिल मागितली आणि दुरुस्त केला. 'प्रेमळ' खोडलं, 'वक्तशीर' लिहिलं. भाऊजी कोपऱ्यात रडकुंडीला आलेले, 'आता ऑफिसात मी काय सांगू?' तुम्हीच सांगा, ह्यावर सिनेमा करायचा नाही तर कशावर करायचा?

केला मी. आमच्याच घरात, आमच्याच पलंगावर. अप्पांचं काम एका रिटायर झालेल्या ड्रॉइंगच्या मास्तरांनी केलं, त्यांना पलंग इतका आवडला की शूटिंग संपल्यावरही दोन दिवस येऊन झोपायचे. पहिला खेळ इथेच झाला. तिथे हसले सगळे, नाही असं नाही. पण सगळे नातेवाईक! त्यांना गोष्ट पाठ, विनोद यायच्या आधीच हसून मोकळे. भाऊजी तर पडद्यावर रजेचा अर्ज यायच्या आधी तीन मिनिटं हसले. हे हसणं धरायचं का? आणि अप्पा? आपत्कालीन दाराजवळच्या खुर्चीत बसले होते, नेहमी तिथेच बसतात. एकशे चार मिनिटं हलले नाहीत. शेवटी उठले, म्हणाले, 'मी असा चालत नाही.' आणि घरी येऊन चपला काढता काढता, पाठमोरेच, 'माझ्या मरणाला तिकीट लावलंस.'

लागलं हो. फार लागलं. कारण मी तो सिनेमा प्रेमाने केला होता, पण हे त्यांना कोण सांगणार? मी सांगितलं तर मी विनोदी माणूस, माझ्यावर कोण विश्वास ठेवतो? तेव्हापासून डोक्यात एकच. एक, फक्त एक अनोळखी माणूस हसला पाहिजे. ज्याचा आमच्याशी काडीचा संबंध नाही, ज्याला मला खूश करायचं नाही. तो हसला तर तो विनोद. आणि कोणीच नाही हसलं तर... तर मग मी बापाच्या मरणाची नुसती टिंगल केली, एवढंच उरतं ना?

म्हणून परदेश! परदेशात सिनेमे विकणारी एक बाई असते. आवाज इतका मऊ की वाईट बातमी सांगते तरी वाटतं पाठीवरून हात फिरवतेय. तिने नऊ देशांत लावला. नऊ! प्रत्येक देशात एकेक थेटर, पण नऊ देश ते नऊ देश. दर मंगळवारी तिचा तक्ता यायचा. देश, थेटर, खेळ, तिकिटं. मंगळवारी मला पाणी पिणं जमायचं नाही. बायको म्हणायची, 'अहो, जरा एका जागी बसा, फरशी झिजली.'

पहिल्या देशात, तुम्हाला सांगतो, थेटर गच्च. मी फोन लावला, हसलं का कोणी? बाई म्हणाली, 'त्याहून मोठं झालंय. सगळे रडले. उभं राहून आठ मिनिटं टाळ्या.' दुसऱ्या दिवशी तिकडच्या पेपरात आलं, 'वार्धक्याच्या एकाकीपणाचा काळीज चिरणारा टाहो.' टाहो वाचून त्या दिवशी किती तिकिटं खपली? शून्य! कोण जातं हो टाहो ऐकायला, घरी काय कमी आहे?

दुसऱ्या देशात त्यांना कोणीतरी सांगितलं की विनोद काळा आहे. त्यांनी पोस्टरवर सुरा काढला. रक्त ठिबकतंय! भुताचे सिनेमे बघणारी सगळी तरुण मंडळी आली, दीड तास दम धरून बसली, की हा म्हातारा कधी एकदा मरतो आणि कधी उठतो. आणि गुरुवारी अप्पा उठले ना! एक मुलगी अशी किंचाळली म्हणे की दिवे लावावे लागले. किंचाळली, हो. पण हसलं का कोणी?

तिसऱ्या देशाने कमाल केली. तिथे डॉक्टरांच्या संघटनेने अख्खं थेटर आठवडाभर घेतलं. मी घरात नाचलो! मग कळलं, 'रुग्णाच्या नातेवाईकांशी कसं बोलू नये' ह्या विषयावर त्यांचं शिबिर होतं. सगळे वह्या घेऊन बसले होते. वह्या! म्हणजे तिकडेही मी सुरक्षेचीच फिल्म बनवली.

असा एकेक देश गळाला. नवाचे सहा, सहाचे दोन, आणि शेवटी उरलं एक थेटर. कुठल्याशा थंड गावात, समुद्राच्या काठी, ऐंशी खुर्च्या, आठवड्यातून एकच खेळ, बुधवारी दुपारी. अख्ख्या पृथ्वीवर माझा सिनेमा आता फक्त तिथे जिवंत! आणि त्या थेटरवाल्याचा एक नियम. बाईने मऊ आवाजात सांगितला. 'दहा तिकिटं खपली तर तो हिटर लावतो. हिटर लागला तर खेळ होतो. दहाच्या खाली गेलं की हिटर बंद, खेळ बंद, आणि पुढच्या बुधवारपासून दुसरा सिनेमा.' म्हणजे माझं सगळं नशीब हिटरच्या बटणावर!

हे मी त्या रविवारी सगळे जेवायला जमले होते तेव्हा सांगितलं. सांगताना माझा आवाज जरा कापला, हे कबूल करतो. ताईने भाजीचा डाव खाली ठेवला. भाऊजींनी घसा खाकरला. मेहुणा म्हणाला, 'दहा म्हणजे काहीच नाही हो.' अप्पा ताटातलं संपवून उठले.

त्या बुधवारचा तक्ता पुढच्या मंगळवारी आला. अकरा!

आता एक सांगतो, तुमच्याजवळ ठेवा. त्या अकरातली दोन माझी होती. काढली मी, संगणकावरून, इथे बसून. लपवत नाही. हिटर लागायला हवा होता ना! आणि दोन का, तर एकट्या माणसाने सिनेमाला जाणं बरं दिसत नाही. पण अकरा वजा दोन किती? नऊ! नऊ अनोळखी माणसं, थंडीत, कोट घालून, माझा सिनेमा बघायला! मला झोप येईना. पुढच्या आठवड्यात परत अकरा. त्याच्या पुढच्या आठवड्यात परत अकरा. मी विचार करून करून वेडा झालो, ही कोण मंडळी आहेत? एकही आजारी पडत नाही? एकाचीही बस चुकत नाही? एकालाही आठवड्याभरात म्हणावंसं वाटत नाही की चला, शेजाऱ्यालाही घेऊन जाऊ? मी म्हटलं, अकराच म्हणजे खेळाडूंचा संघ असेल. पण मी दोन वजा केले की संघात नऊच उरतात. मग म्हटलं एखादं कुटुंब असेल, मोठं. बायको म्हणाली, 'असेल हो, कुटुंबच असेल,' आणि पटकन स्वयंपाकघरात गेली. तेव्हा मला काही कळलं नाही. मी एका कारखान्यात आगीची फिल्म दाखवायला गेलो आणि तिथल्या साहेबांना विचारलं, आग ठीक आहे, पण हसलं का कोणी? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं!

शेवटी सहाव्या बुधवारी मी सरळ थेटरवाल्याला फोन करायचं ठरवलं. चित्र दिसणारा फोन. म्हटलं, त्या नऊ जणांना तोंड दाखवायचं, हात जोडायचे आणि कानांनी ऐकायचं, हसतात का. तिकडची दुपार म्हणजे आपली संध्याकाळ. मी शर्टाला इस्त्री केली, खाली घरातलाच लेंगा. आणि बघतो तर काय, कोणालाही बोलावलं नसताना सगळे हजर! ताई, भाऊजी, मेहुणा. ताई म्हणते, 'अरे, फोन कशाला? उगाच त्यांना त्रास!' भाऊजी म्हणतात, 'परदेशात असं एकदम फोन करणं वाईट दिसतं.' मेहुणा म्हणतो, 'नेट बंद करू का?' म्हटलं, झालंय काय तुम्हाला? अप्पा कोपऱ्यात टेबलफॅन उघडून बसले होते, मान वर न करता म्हणाले, 'कर फोन.'

लावला. थेटरवाला भला माणूस, आडदांड, एकेक शब्द वजन केल्यासारखा बोलतो. 'आनंद. वाटला. या.' असा. मी म्हटलं, मला प्रेक्षक दाखवा. तो उठला. मग फोन घेऊन चालायला लागला. गालिचा दिसला, पडदा दिसला, दार उघडलं, आत अंधार, समोर पडद्यावर आमचे ड्रॉइंगचे मास्तर पलंगावर पडलेले, एवढे मोठे! मी हात जोडून तयार. त्याने फोन खुर्च्यांकडे फिरवला.

सगळ्या रिकाम्या!

मी म्हटलं, अहो, प्रेक्षक कुठायत? तो म्हणाला, 'हे. काय.' आणि फोन एका खुर्चीजवळ नेला. 'पाचवी रांग. मधल्या दोन. विकलेल्या.' त्या माझ्या होत्या. मी मान हलवली, पुढे चला. 'त्यांच्या शेजारची. विकलेली.' माझ्या मागून बायकोचा हुंदका का हसू, काहीतरी आलं. मी वळलो. ती म्हणाली, 'दोन खुर्च्या लाल दिसत होत्या हो त्या नकाशात... म्हटलं दोघं बसलेत, आपण शेजारचीच घेऊ, त्यांना सोबत होईल.' तुम्हाला सांगतो, मला रागावता पण येईना!

'सर्वात पुढची. एक. विकलेली.' भाऊजींनी छताकडे बघितलं. पाय लांब करायला जागा लागते ना त्यांना, जिथे जाणारच नाहीत तिथेही! 'खांबामागची. स्वस्त. एक.' मेहुणा बुटाची नाडी बांधायला वाकला, पायात बूट नसताना. 'कडेच्या दोन.' ताई एकदम भडकली, 'दोन म्हणजे एक माझी आणि एक पर्सची! खाली ठेवली तर चोरीला जाते!' मी म्हटलं, ताई, पर्स इथे आहे, तू इथे आहेस, थेटर पृथ्वीच्या त्या टोकाला आहे! ती म्हणाली, 'सवय असते माणसाला.'

सात झाल्या. मी मोजत होतो. अजून चार होत्या, माझ्या चार अनोळखी माणसांच्या. माझा जीव त्या चारांत अडकलेला. थेटरवाला मागे मागे चालत गेला. 'शेवटची रांग. चार. आपत्कालीन दाराजवळच्या.'

पंख्याचा एक स्क्रू टेबलावरून घरंगळला. सगळ्यांनी अप्पांकडे बघितलं. अप्पा म्हणाले, 'बघतोस काय? तीन कमी पडत होती. एक जास्तीचं, सांभाळून.'

म्हटलं, अप्पा, तुम्ही? तुम्हाला तर सिनेमा... ते म्हणाले, 'सिनेमा मला नाही आवडला. मी असा चालत नाही. पण खेळ बंद पडला असता, तर तू बंद पडला असतास.' एवढं बोलून परत पंख्यात डोकं. आणि मी, भरलेल्या डोळ्यांनी, इस्त्रीचा शर्ट आणि खाली लेंगा, रिकाम्या थेटराला हात जोडून उभा!

आणि तेवढ्यात... तिकडून, अंधारातून, हसू आलं.

खरं हसू! बाईचं. आधी दाबलेलं, मग फुटलेलं. पडद्यावर त्याच वेळी मास्तर पेन्सिलने 'प्रेमळ' खोडत होते. मी ओरडलो, हसलं! कोणीतरी हसलं! कोण आहे? थेटरवाला म्हणाला, 'झाडणारी बाई. माझ्या मागून फोन बघतेय. तिकीट नाही. हिटर असतो. म्हणून बसते.' म्हटलं, तिकीट मरू दे, विचारा तिला, पेन्सिलला हसली ना? विचारा! त्याने विचारलं. ती पुढे आली, साठीची असेल, हातात झाडू, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणं चाललेलं. फोनकडे बोट करून तिच्या भाषेत काहीतरी लांबलचक बोलली. थेटरवाला म्हणाला, 'सिनेमाला नाही हसली. सिनेमा तिने सहा वेळा ऐकलाय. तिला तो दुःखी वाटतो.'

मग?

'तुम्हाला. हसली. ती म्हणते, सहा आठवडे अकरा माणसं येतात आणि जमिनीवर पॉपकॉर्नचा एक दाणा नाही. तिला वाटायचं, काय सभ्य माणसं! आता कळलं. तुम्ही. खुर्चीचा नंबर आला की एकेक जण तोंड लपवतो. आणि त्या पर्सवाल्या बाई. ती म्हणते, असं मी जन्मात पाहिलं नाही.' आणि ती पुन्हा सुरू! झाडू टेकवून, खुर्चीला धरून, वाकून वाकून. भाषा कळत नाही, माणसं माहीत नाहीत, आणि हसतेय. ते बघून भाऊजी सुटले, मग ताई, मग बायको, आणि शेवटी... अप्पा! तीन वर्षांत पहिल्यांदा मी अप्पांचे दात बघितले. म्हणजे, बसवलेले, पण दात.

संपलं ना इथे? नाही संपलं! काल तक्ता आला. बारा! बारावं तिकीट आजच्या खेळाचं, आगाऊ, खिडकीवर, रोख. मी थेटरवाल्याला विचारलं, हे कोण? तो म्हणाला, 'झाडणारी बाई. आता तिकीट काढते. म्हणते, फुकट बघणं बरं नाही. तिचा निरोप आहे. सिनेमा आवाज बंद करून लावा. पण फोन त्याच वेळेला. आणि पर्सवाल्या बाई हव्यात.'

तुम्हाला सांगतो, उभ्या आयुष्यात मला एक अनोळखी प्रेक्षक मिळाली, आणि ती माझ्या सिनेमाकडे पाठ करून आमचं घर बघायला तिकीट काढतेय! आणि परदेशात सिनेमे विकणारी ती बाई मऊ आवाजात म्हणते, 'अभिनंदन, आकडा वाढतोय.'

आज बुधवार. आत्ता तुमच्याकडे यायला निघालो तेव्हाच घरी सगळे रांगेने बसलेले. ताईने नवी पर्स आणलीय. भाऊजी विचारतायत, एकदा घसरून दाखवू का. आणि अप्पा? माझ्या मरणाला तिकीट लावलंस म्हणणारे अप्पा? दाढी करून, कोट घालून, फोनच्या बरोबर समोर. मी जरा कडेला बसलो तर कोपराने ढोसून म्हणतात, 'अजून सरक तिकडे. मी पूर्ण दिसत नाहीये.'

सरकलो. काय करतो?